शितावरून भाताची परीक्षा



शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. पातेल्यातील एक शीत बोटांनी दाबून पाहिले की भात शिजला अथवा नाही, हे गृहिणीला कळते. त्यासाठी सारा भात चिवडावा लागत नाही. मतदारांच्या जनमत चाचणीचे शास्त्र याच अनुभवावर उभे आहे. मात्र सुगरण आणखी एक गोष्ट जाणते. वरचे शीत मऊ लागले तरी तळाचा भात करपलेला असू शकतो. निवडणूकपूर्व चाचण्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या एवढ्यात सामावलेली आहे. याचे अत्यंत बोलके उदाहरण २००८ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या छोट्याशा राज्यात पाहावयास मिळाले.

आपल्याकडे पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे पक्षाचे श्रेष्ठी ठरवितात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड पक्षाच्या सामान्य मतदारांच्या कौलाने होते. त्यासाठी राज्याराज्यांत जे मतदान होते, त्याला ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक म्हणतात. सुमारे चौदा लाख लोकवस्तीचे न्यू हॅम्पशायर १९२० पासून देशातील पहिल्या प्रायमरीचा मान मिरवीत आले आहे. कोणत्याही पक्षात नोंद न केलेल्या मतदारालाही तेथे दोहोंपैकी एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते.

अशा निवडणुकीचा अंदाज बांधणे सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा अवघड असते. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला पक्षनिष्ठेचा आधार असतो. प्रायमरीत सारे उमेदवार आपल्याच पक्षाचे! त्यामुळे मन आज एकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे झुकते. मतदानाला येणारेही कमी असतात. म्हणजे चाचणी करणाऱ्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात. हा माणूस कोणाला मत देणार, आणि मुळात तो मत देण्यासाठी घराबाहेर पडणार काय?

२००८ च्या ३ जानेवारीला आयोवा राज्यातील मतदारसभांत बराक ओबामा विजयी झाले आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. न्यू हॅम्पशायरचे मतदान अवघ्या पाच दिवसांवर होते. चाचण्या घेणाऱ्या संस्थांची एकच धावपळ उडाली. एकामागून एक निष्कर्ष आले आणि त्यांत ओबामा स्पष्टपणे पुढे दिसले. काही चाचण्यांनी तर त्यांना दहा टक्क्यांहून अधिक आघाडी दिली. क्लिंटन यांच्या पराभवाची मीमांसा मतदानापूर्वीच सुरू झाली. ८ जानेवारीला मतपेट्या उघडल्या, तेव्हा क्लिंटन यांना सुमारे ३९ टक्के आणि ओबामांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली होती. पराभूत ठरविली गेलेली उमेदवार विजयी झाली होती.

गंमत अशी की, त्याच दिवशी त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाचीही प्रायमरी होती. तिथे जॉन मॅकेन आघाडीवर असल्याचे चाचण्यांनी सांगितले होते आणि तेच जिंकले. तेव्हा सारे शास्त्रच खोटे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मग डेमोक्रॅटिक पक्षाच्याच बाबतीत चूक का झाली?

अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने यासाठी एक समिती नेमली. तिचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. अनेकांचा तर्क होता की, गोऱ्या मतदारांनी कृष्णवर्णीय उमेदवाराबाबत आपले खरे मत लपविले. या तर्काला पुष्टी देणारा पुरेसा पुरावा समितीला आढळला नाही. जी कारणे संभवनीय वाटली, ती अगदी साधी होती. चाचण्या फार लवकर थांबल्या आणि काही मतदारांनी अखेरच्या घटकेला मन बनविले. कमी शिकलेला आणि कामगार संघटनांशी जोडलेला वर्ग क्लिंटन यांच्याकडे झुकलेला होता; तो नमुन्यात पुरेसा आला नाही. पहिल्या दूरध्वनीला जे सापडले नाहीत, ज्यांना पुन्हा पुन्हा गाठावे लागले, त्यांच्यात क्लिंटन यांचे समर्थक अधिक होते. पाच दिवसांच्या घाईत त्यांना पुन्हा गाठण्यास वेळ कोणाकडे होता? मतपत्रिकेवर क्लिंटन यांचे नाव वरच्या बाजूला आणि ओबामांचे खालच्या बाजूला होते, त्याचाही थोडा परिणाम झाला असावा. थोडक्यात, वरची शिते दाबून पाहिली गेली. तळापर्यंत डाव पोहोचलाच नाही.

‘तीन टक्के कमी-अधिक’ अशी तळटीप आपण नेहमी वाचतो. एक हजार मतदारांचा यादृच्छिक नमुना घेतला, तर शंभरापैकी पंचाण्णव वेळा चूक तेवढ्या मर्यादेत राहते, असा तिचा अर्थ. परंतु ही मर्यादा केवळ योगायोगाने होणाऱ्या चुकीची आहे. ज्याने दूरध्वनी उचललाच नाही, त्याचा हिशोब तिच्यात नसतो. प्यू या प्रसिद्ध संशोधन संस्थेच्या दूरध्वनी चाचण्यांना १९९७ साली शंभरातील ३६ जण प्रतिसाद देत. २०१८ साली ते प्रमाण सहावर आले. उरलेले चौऱ्याण्णव बोलणाऱ्या सहांसारखाच विचार करतात, हे गृहीत धरूनच पुढचे सारे गणित मांडावे लागते.

चाचणी चुकली तर निकाल ती चूक दुरुस्त करतो, असे कोणी म्हणेल. प्रायमरीत ते पूर्णतः खरे नाही, कारण तेथे चाचणीच रणांगणाच्या दाराशी पहारेकरी होऊन उभी राहते. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सतरा इच्छुकांपैकी मुख्य वादसभेत कोणी बसावे, हे पाच राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवर ठरविण्यात आले. पहिल्या दहांना व्यासपीठ मिळाले. दहावे जॉन केसिक आत गेले, अकरावे रिक पेरी बाहेर राहिले. दोघांतील अंतर इतके थोडे होते की चाचणीच्या चुकीच्या मर्यादेत ते सहज बुडून जावे. पेरी यांनी पुढच्याच महिन्यात स्पर्धेतून अंग काढून घेतले. केसिक २०१६ च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत दुसऱ्या क्रमांकावर आले! अंगुळभर अंतराने एकाला दार उघडले आणि दुसऱ्याला मिटले, तेही एकाही मतदाराने मत देण्यापूर्वी. जनतेच्या मनाचा आरसा म्हणून जे साधन आणले, तेच जनतेऐवजी निवड करू लागले, तर त्याला लोकशाही कसे म्हणावे?

या व्यवसायात सचोटीची माणसेही आहेत, हेही सांगितले पाहिजे. २०२० साली आयोवातील एका प्रतिष्ठित दैनिकाची, अचूकतेसाठी नावाजलेली अखेरची चाचणी मतदानाच्या दोन दिवस आधी जाहीर व्हायची होती. एका मुलाखतीत पीट बुटिजेज या उमेदवाराचे नावच वाचले गेले नसल्याचे ध्यानात आले. चूक किती ठिकाणी झाली, याची खात्री देता येईना. म्हणून संपूर्ण चाचणी मागे घेण्यात आली. त्याच चाचणीकर्त्या अ‍ॅन सेल्झर यांनी २०२४ मध्ये आयोवात कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले आणि डोनाल्ड ट्रम्प तेथे सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकले. म्हणजे सचोटी असली तरी अचूकतेची हमी नाही.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. २००४ साली ‘भारत उदय’च्या घोषात बहुतेक चाचण्यांनी रालोआला पुन्हा सत्तेवर बसविले होते, काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी रालोआला साडेतीनशेहून अधिक जागा देऊ केल्या. प्रत्यक्षात २९३ आल्या. त्याच वर्षी हरियाणात काँग्रेसची सत्ता येणार, असे चाचण्यांनी जवळजवळ एकमुखाने सांगितले. तिथे भाजपने नव्वदपैकी ४८ जागा जिंकल्या. आकडा अनुकूल असला की तो शास्त्रीय आणि प्रतिकूल असला की विकाऊ, असे मानण्याची सवय आपल्यातही शिरली आहे. ती सोडली पाहिजे. कारण अनुकूल आकडा प्रतिकूल आकड्यापेक्षा अधिक घातक असतो. प्रतिकूल आकडा कार्यकर्त्याला घराबाहेर काढतो. अनुकूल आकडा त्याला घरी बसवितो.

उमेदवारीचा निर्णयही सर्वस्वी आकड्यांवर सोपविता येत नाही. १९६३ च्या जौनपूर पोटनिवडणुकीत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी जातीच्या आधारावर मते मागण्यास नकार दिला आणि पराभव स्वीकारला. आजच्या एखाद्या चाचणीने त्यांना ‘जिंकण्याची क्षमता नसलेला उमेदवार’ ठरविले असते. त्यांचे विचार मात्र त्या निकालानंतरही पिढ्यांना दिशा देत राहिले.

मग चाचण्या वाचू नयेत काय? अवश्य वाचाव्यात. ती कोणी घेतली, पैसा कोणाचा होता, किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर नाकारले, हे विचारून वाचाव्यात. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तो आकडा वृत्तपत्रातील राशिभविष्याच्या शेजारी ठेवावा.

आणि मग चपला पायात घालून निघावे. आपल्या पन्नाप्रमुखाच्या हाती मतदारयादीचे एक पान असते. त्यावरील घरांतील माणसे त्याला नावाने ठाऊक असावी लागतात. न्यू हॅम्पशायरच्या चाचण्यांना जो मतदार गाठता आला नाही, तो अशाच एखाद्या घरात असतो. दिवसभर कामावर असतो, अनोळखी माणसाशी बोलत नाही, आणि मतदानाच्या दिवशी मात्र शांतपणे रांगेत उभा राहतो. त्याच्या दारी वर्षभर जाणाऱ्याला त्याचे मन थोडेबहुत कळते. केवळ निवडणुकीच्या तोंडावर जाणाऱ्याला तो ‘बघू’ म्हणतो. त्या ‘बघू’चा अर्थ कोणत्याही तक्त्यात सापडत नाही; तो ओळखण्याइतका स्नेह आधी जोडावा लागतो.