जीपचा पुढील आस बदलण्यापूर्वी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण, आरोग्य, विवाहखर्च अशा विषयांच्या पंक्तीस जीपचा आस येऊन बसावा, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु आपल्या पुष्कळ घरांतील तरुण आता सुटीच्या दिवशी जीप किंवा थार घेऊन सह्याद्रीच्या वाटा धुंडाळू लागले आहेत. गाडी उंच करावी, पुढचा आस बदलावा, हा विचार त्यांच्या मनात लवकरच येतो, आणि त्यासाठी लागणारा पैसा बहुधा वडिलांकडूनच घेतला जातो. तेव्हा हा विषय पालकांनीही समजून घेणे इष्ट होय.

आस म्हणजे काय, हे बैलगाडी पाहिलेल्यांस सांगावयास नको. जीपच्या पुढील आसाला मात्र भार वाहून भागत नाही. त्यावरील चाके वळलीही पाहिजेत आणि वळत असतानाच इंजिनाच्या जोरावर फिरलीही पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांवर जीपा बांधल्या. त्यांचा पुढील आस अखंड असून पाट्यांवर बसविलेला असे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने ज्या जीपा जोडावयास घेतल्या, त्यांचीही रचना याच धर्तीची होती. २०१० साली आलेल्या थारमध्ये मात्र पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली. रस्त्यावर ही व्यवस्था निःसंशय सुखाची आहे, कारण एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळत नाही.

मग अखंड आसाचा हव्यास कशासाठी? खडकाळ जागी एक चाक दगडावर चढले की अखंड आस दुसऱ्या चाकाला खाली रेटतो, त्यामुळे ते जमीन सोडीत नाही. शिवाय आसाच्या पोटाखालची मोकळी जागा मुळीच कमी होत नाही. स्वतंत्र व्यवस्थेत डिफरन्शियल सांगाड्याला बांधलेले असते. गाडी दबली की तेही दगडाच्या जवळ येते. म्हणून हा हव्यास निराधार आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो, आस बदलणे म्हणजे एक वस्तू काढून दुसरी बसविणे, या समजुतीवर.

पहिली गोष्ट दात्यांची. विलिस एमबीच्या आसातील पिनियनला ८ दाते आणि क्राउनला ३९. युद्धानंतरच्या सीजे-२ए जीपमध्ये हेच आकडे ८ आणि ४३. बाहेरून दोन्ही आस भावंडे वाटावीत इतके सारखे. समजा, कोणी सीजे-२एला एमबीचा पुढील आस लावला. चार चाकांची ओढ जोडली म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट बरोबरीने फिरतात. शाफ्टचे ४३ फेरे झाले की मागची चाके ८ फेरे फिरतील आणि पुढची ८.८२ फिरू पाहतील. चिखलात चाके घसरून ही तफावत भागवून घेतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरण्यास वाव नसतो. तेथे सारा ताण ट्रान्सफर केसमध्ये आणि जॉइंटांत साठत जातो, आणि काहीतरी तुटते. जुन्या बाजारातून आस घेताना दाते स्वतः मोजावेत. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

दुसरी गोष्ट कॅस्टरची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे कललेला असतो, म्हणूनच हात सोडला तरी सायकल सरळ धावते. जीपच्या किंगपिनलाही असाच सुमारे ३ अंशांचा कल दिलेला असतो. आता गाडी उंच करण्यासाठी पाटे आसाच्या खालून काढून वर बसविले की सांगाडा चार-पाच इंच उचलला जातो, आणि पुढच्या शाफ्टचा उतार वाढून त्याचे जॉइंट कुरकुरू लागतात. कारागीर त्यावर सोपा उपाय करतो: पिनियनचे तोंड वर करतो. जॉइंट शांत होतात. परंतु पिनियन मागे तोंड करून असल्यामुळे तो वर उचलला की आसाचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर नाहीसा होतो. ती गाडी गल्लीत छान चालते. ताशी ७० किलोमीटरला मात्र रस्ता धरीत नाही आणि वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन परतत नाही. खरा उपाय म्हणजे आसाच्या टोकांचे नकल कापून, योग्य कोनात फिरवून पुन्हा वेल्ड करणे. हे काम अंदाजाने करावयाचे नव्हे. आसाच्या नळीवरील वेल्डिंग ज्याच्या हातून होणार, त्याचे पूर्वीचे काम पाहून मगच गाडी त्याच्या हवाली करावी.

स्टिअरिंगच्या दांड्याचेही असेच. त्याचे एक टोक सांगाड्याकडे आणि दुसरे चाकाकडे असते. गाडी उंच केली की हा दांडा तिरपा होतो. मग खड्ड्यात आस वरखाली झाला की दांडा चाकाला ओढतो, आणि चालकाने हात न हलविताही गाडी वळते. ज्या गाडीची पुढची चाके मुळात स्वतंत्र आहेत, तिच्यात अखंड आस घालावयाचा तर स्टिअरिंगची बहुतेक सारी मांडणी नव्याने करावी लागते. येथेच खर्चाचा अंदाज कोसळतो. अर्धे काम झाल्यावर पैसे संपले की उरलेले भागवाभागवीने उरकले जाते, आणि ब्रेकच्या नळ्या जुन्याच, आखूड राहतात. आस पूर्ण खाली लोंबला असता त्या ताणल्या जातात काय, एवढे पाहावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. तरी ते पाहिले जात नाही!

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कठोरपणे वाचावे असाच निर्णय दिला. खाजगी आवारातील शर्यतीची गाडी निराळी. तीच गाडी कुटुंबाला घेऊन महामार्गावर आणणे निराळे. अपघातानंतर विमा कंपनी कोणता प्रश्न प्रथम विचारील, हे आपल्यातील वकील मंडळी अधिक चांगले सांगू शकतील.

तरुणांस माझे सांगणे असे की, ज्यांस अखंड आसच हवा आहे त्यांनी तो मुळातच असलेली जुनी जीप घ्यावी. तिचे किंगपिन, बेअरिंग, पाट्यांचे बुश नवे करावेत, पाने स्वच्छ करून, त्यांना पुन्हा कमान देऊन बसवावीत. पुष्कळदा उंचीची हौस तेवढ्यानेच निवते, कारण बसलेले पाटे पुन्हा उभारी धरतात. पाटे उघडून बसविल्यावर शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत; पाने एकमेकांवर बसली की ते सैल पडतात.

मंडपाच्या मागील बाजूस जीपचा एक जुना आस उघडून मांडून ठेवला आहे. भोजनानंतर ज्यांस दाते मोजून पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य यावे. हात काळे होतील, तेव्हा ठेवणीतले कपडे सांभाळावेत.