वानरीची पसंती



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेलं, की कर्नाळ्याचं अभयारण्य लागतं. ते पक्ष्यांसाठी प्रसिद्ध खरं. पण तिथे काय किंवा वर माथेरानच्या झाडीत काय, वानरांची टोळी दिसली की माणसं थबकतातच. लाल तोंडाची माकडं नव्हेत; काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. नजर जाते ती हुप्प्यावर. तो दात विचकतो, हूप करून फांद्या हलवतो, आणि एवढ्या सगळ्या माद्यांचा हा धनी, असं आपण ठरवून टाकतो.

अभ्यासकांचंही बरीच वर्षं तसंच झालं. जोडीदार ठरवण्यात मादीच्या पसंतीला मोल असतं, असं डार्विनने 1871 साली लिहिलं होतं. पण मादीला कसली आलीय पसंती, म्हणून त्या काळच्या बहुतेक विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही.

प्रत्यक्षात वानरांमध्ये पुढाकार मादीचाच. माजावर आलेली वानरी नराकडे पाठ करते, शेपटी खाली सोडते आणि डोकं भराभर हलवते. ही खूण मिळाल्याशिवाय नर सहसा पुढे येत नाही. आणि खूण करूनही महाराज ढिम्म बसून राहिले, तर ती चापट मारते, त्याचे केस ओढते, प्रसंगी चावतेसुद्धा. फिलिस जे या संशोधिकेने 1960च्या आसपास उत्तर आणि मध्य भारतातल्या टोळ्यांमध्ये हे टिपून ठेवलं. टोळीतल्या बाकीच्या माद्याही अशा वेळी स्वस्थ बसत नाहीत, मध्ये घुसून जोडीला सतावतात. धनी म्हणवणाऱ्याचं इथे फारसं चालत नाही.

टोळीत हुप्प्या एकच असेल, तर पसंती कुठून आली, असं तुम्ही विचाराल. रानात सड्या नरांचे जथे फिरत असतात. सारा हर्डी ही अमेरिकन संशोधिका 1971पासून अबूच्या पहाडावर वानरांमागे हिंडली. तिथल्या माद्या बाहेरच्या नरांनाही खूण करत होत्या. गाभण माद्यासुद्धा! पिल्लू तर आधीच पोटात. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तराचा धागा आपल्या शेजारच्या धारवाडात आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सुगियामा या जपानी अभ्यासकाने तिथे पाहिलं, की सड्या नरांनी टोळीवर हल्ला करून हुप्प्याला हुसकलं, त्यांतला एक नवा हुप्प्या झाला, आणि मग अंगावरची पिल्लं मारली गेली. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. पिल्लं मारण्याचा दोष काहींनी वानरांच्या गर्दीला दिला. हर्डी यांचं म्हणणं वेगळं : ज्या मादीशी संग झाला तिच्या पिल्लाला नर सहसा हात लावत नाही, म्हणून उद्या टोळी बळकावू शकेल अशा नराशीही ती आजच सूत जमवते. बाप कोण हे कोणालाच नक्की कळू नये, यातच पिल्लाची सुरक्षितता.

पुढे नेपाळात रामनगरच्या रानात तपासण्या झाल्या. पिल्लं मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे डीएनएवरून 1999 साली दिसलं. मादीचे फळण्याचे नेमके दिवस नरांना ओळखता येत नाहीत, हेही 2001 साली समोर आलं. मला विचाराल तर या पसंतीत लाडिकपणा शोधू नये. जीव मुठीत धरून केलेली ही निवड आहे.

लेखक व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत अनेक वर्षं होते, म्हणजे आमच्याच घरचे. वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचली नसेल तर जरूर वाचा. वाचली असेल तर पुन्हा काढा, आणि या खेपेला कोणता हुप्प्या जिंकतो ते सोडून माद्यांवर लक्ष ठेवा.