चावीचं पाणी : जड कोणतं आणि वाईट कोणतं

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीट करून लिहून दिले आहे.)



कमिटीने मला आरोग्यावर बोला म्हणून सांगितले. मी काही डॉक्टर नाही. नववीतून शाळा सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या ऑफिसात. पण सुरुवातीची काही वर्षे मी सायझिंगमध्ये बॉयलरवर होतो, नंतर सूतगिरणीत आलो. पाणी म्हणजे काय ते मला बॉयलरने शिकवले. म्हणून आज पाण्यावरच बोलतो.

आपल्या इचलकरंजीत घरोघरी दोन पाणी असतात. एक चावीचं, म्हणजे पंचगंगेचं नाहीतर मजरेवाडीहून येणारं कृष्णेचं. दुसरं बोअरचं. बोअरचं पाणी जड, हे बायकांना सांगायला नको. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. हे का होते? आपल्या खाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी त्याच्या फटींतून मुरत जाते आणि जाता जाता कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. जितका काळ ते खाली मुरलेले, तितके बहुधा जड. नदीचे पाणी त्यामानाने हलके, आणि पावसाळ्यात आणखी हलके.

बॉयलरला जड पाणी चालत नाही. नळ्यांना आतून स्केल बसते, उष्णता पाण्यात जात नाही, कोळसा जास्त लागतो, नळी तापून फुगते आणि एखाद्या दिवशी माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून आमच्याकडे सॉफ्टनर होता. त्यात बारीक मण्यांसारखे रेझिन असते. पाणी त्यातून गेले की कॅल्शियम मण्यांना चिकटते आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात येतो. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, की पुन्हा तयार. मिठाची पोती मी याच खांद्यावरून वाहिली आहेत. प्रत्येक पाळीत पाण्याची तपासणी असायची. नमुन्यात औषध टाकले की लाल रंग यायचा, मग दुसरे औषध थेंब थेंब सोडायचे. रंग निळा झाला की थेंब मोजायचे आणि वहीत लिहायचे. वही कोरी राहिली तर सुपरवायझर आईबहिणीवर यायचा.

आता लाज वाटते ती गोष्ट सांगतो. त्या बॉयलरच्या पाण्याची एका दिवसात तीन वेळा तपासणी, आणि आम्ही कामगार ज्या टाकीतले पाणी पीत होतो तिची वर्षात एकदाही नाही. मालकाचे सोडा, त्याला बॉयलर महाग आणि माणूस स्वस्त. पण मी युनियनचा माणूस. पगारासाठी, बोनससाठी गेटवर घसा फोडून घोषणा दिल्या. पिण्याच्या पाण्याची वही ठेवा, ही मागणी माझ्या तोंडून कधी निघाली नाही.

जड पाणी प्याल्याने रोग होतो का? भारतीय मानकाचा १०५०० नंबरचा कागद आहे, २०१२ सालचा. त्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला धरला आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही केवळ जडपणामुळे आरोग्याला धोका धरलेला नाही. आपल्याकडे मुतखडा झाला की बोअरवर खापर फोडतात. पण जडपणामुळेच खडे होतात हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. लूमवर बारा बारा तास घाम गाळायचा आणि लघवीला उठावे लागते म्हणून पाणीच प्यायचे नाही, हे मात्र खड्याला नक्की आमंत्रण आहे. जड पाण्याने साबण जातो, गॅस जातो, गिझर जातो. सहसा जीव जात नाही.

जीव जातो तो दुसऱ्याच पाण्याने. ते दिसायला स्वच्छ असते, चवीला गोड असते, साबणाला भरपूर फेस येतो.

२०१२ चा उन्हाळा इथे बसलेल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. गावात काविळीची साथ आली, माणसे दगावली. माझा धाकटा भाऊ महिनाभर अंथरुणावर होता, तो उठला. आमच्या गल्लीतली एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती सासरी परत गेली नाही. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे ए आणि ई असे दोन विषाणू आहेत. त्यातला ई हा गरोदर बाईला फार घातक. हे मी नंतर वाचले.

साथीनंतर मी आमची जोडणी उकरली. पाइप गटारातून गेला होता. लोखंडी पाइप, वरून धड, खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढे भोक. तो कोणी घातला होता? मीच. रस्ता खोदायचा खर्च वाचावा म्हणून मिस्त्रीला मीच म्हणालो होतो, गटारातून ने. त्या लेकीच्या घरात रोग कोणत्या भोकातून गेला हे आता कोणी सांगू शकणार नाही. गल्लीतल्या निम्म्या जोडण्या तशाच होत्या. त्यातली एक माझी होती.

हे कसे होते ते बायकांनी नीट ऐका. आपल्याकडे पाणी चोवीस तास नाही. दिवसाआड, कधी तीन-चार दिवसांनी. मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो. गटाराचे पाणी भोकातून आत शिरते आणि पाणी सुटले की पहिल्यांदा आपल्याच घागरीत येते. वर आपण चावीला मोटर जोडतो. मोटर पाणी ओढते तशी भोकातून घाणही ओढते, आपल्यासाठी आणि शेजाऱ्यासाठीही. शुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही चांगले निघाले तरी शेवटच्या शंभर फुटांत त्याचे विष होऊ शकते.

याच भीतीचा धंदाही होतो. मागे गल्लीत एक विक्रेता आला. दोन ग्लासांत दोन पाणी घेतले, एक चावीचं, एक त्याच्या मशिनचं. विजेच्या कांड्या बुडवल्या. चावीचं पाणी तपकिरी-काळे झाले, मशिनचे तसेच राहिले. बायका घाबरल्या. मी त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकले आणि म्हटले, आता लाव. तेही काळे झाले. तो रंग घाणीचा नव्हता, कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळते. टीडीएस मोजायचे मीटरही एवढेच सांगते, क्षार किती. जंतू किती हे ते सांगत नाही. क्षार फारच असतील तर आरओ घ्यावा, माझी ना नाही. पण तो बरेच पाणी गटारात सोडतो, ते निदान भांड्याला, फरशीला वापरा.

तर पाणी शुद्ध कशाने ठरते? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. १०८ घागरी पाणी काढले, त्यात पंचगव्य कालवले आणि परत तळ्यात ओतले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेण-गोमूत्राने शुद्ध झाले! आपण त्यांना हसतो. मग पाणी नितळ दिसते म्हणून, मीटरचा आकडा कमी आला म्हणून, महागाचा जार आहे म्हणून ते शुद्ध मानणे, यातही तपासणी कुठे आहे?

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळायचे वस्त्र आहे, भन्तेजींना ते ठाऊक आहेच. गाळायची सवय चांगली. पण कापडातून विषाणू सहज जातो. त्याला खळखळून उकळणे किंवा क्लोरिन. उकळल्यावर बुडाला पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, तो जडपणा खाली बसला आहे. मात्र कारखान्याची रसायने उकळून जात नाहीत, त्यासाठी नदीच स्वच्छ व्हायला पाहिजे, ती लढाई वेगळी आहे.

क्लोरिन आहे की नाही हे पाहायला ओटीचे औषध असते. चावीचं ताजं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शेवटच्या चावीला असावा. रंग आला नाही तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि त्याच दिवशी कळवावे. औषध मुलांच्या हाताला लागू द्यायचे नाही, तपासलेले पाणी फेकून द्यायचे.

ओटीची बाटली आणि दोन नळ्या मी आणल्या आहेत, विहाराच्या कपाटात राहतील. शेजारी दोनशे पानी वही आहे. पाण्याच्या दिवशी प्रत्येक गल्लीतून एकाने यायचे आणि तारीख, वेळ, गल्ली, रंग आला की नाही एवढे लिहायचे. महिना झाला की वहीची झेरॉक्स घेऊन आपण पाणीपुरवठा खात्यात जाऊ. ज्यांची जोडणी अजून गटारात आहे त्यांनी सभा संपल्यावर मला भेटा. पाइप वर उचलायला मिस्त्री ठरवला आहे, चार घरे मिळून खर्च परवडतो. पहिल्या पानावर माझ्या घरचा परवाचा नमुना लिहिला आहे. रंग आला नव्हता.

जयभीम.