गळ्यातील गाठ आणि कर्करोगाची शंका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही गळ्यातील गाठीचा विषय घेतला, त्याचे कारण आधी सांगतो.

ज्ञातीतील एक माता आपल्या विवाहयोग्य कन्येस घेऊन आमच्याकडे आली. मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथीमध्ये सव्वा सेंटिमीटरची एक गाठ आढळली होती. अहवालातील 'नोड्यूल' हा शब्द वाचताच घरात दोन पक्ष पडले. लग्न ठरण्यापूर्वीच गाठ काढून टाकावी, म्हणजे पुढे कोणाचा बोल नको, असे एका पक्षाचे म्हणणे. सोयरिकीची बोलणी चालू असता या गोष्टीची वाच्यताही करू नये, असे दुसऱ्याचे. दोघांनाही मुलीचे हितच साधावयाचे होते. परंतु गाठीची परीक्षा होण्यापूर्वीच दोघांनी निकाल दिला होता, आणि मुलीस काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या पूर्वजांचा व्यवसाय सोन्याचा. पिवळे दिसले म्हणून सोने समजावे, किंवा काळवंडले म्हणून टाकून द्यावे, असे आपल्या पेढीवर कधी घडले नाही. आधी कसोटीवर कस पाहावयाचा आणि मग मोल ठरवावयाचे. गळ्यातील गाठीलाही हाच न्याय लावावा, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, ही कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा, वजन दीडदोन तोळे. शरीरातील ज्वलनाचा वेग ती राखते. या ग्रंथीत गाठी होणे ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. हाताला लागेल अशी गाठ शंभरांतील सुमारे पाच स्त्रियांत व एका पुरुषात आढळते. सोनोग्राफी करू लागलो तर मात्र हे प्रमाण शंभरांत एकोणीसपासून अडुसष्टपर्यंत जाते, आणि वयाबरोबर वाढते. या सभागृहातील प्रौढ भगिनींपैकी अनेकींच्या गळ्यात अशी गाठ असेल आणि त्यांना तिचा पत्ताही नसेल. तपासण्यायोग्य ठरणाऱ्या अशा गाठींपैकी शंभरांत सात ते पंधरा कर्करोगाच्या निघतात. बाकीच्या निरुपद्रवी असतात.

मग या सात ते पंधरा ओळखावयाच्या कशा? पहिली परीक्षा प्रश्नांची आणि हाताची. बालपणी मानेवर किरणोपचार झाले होते काय? 1986 साली चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर त्या भागातील मुलांत हा कर्करोग पुढे मोठ्या प्रमाणात उद्भवला, त्यावरून कोवळ्या ग्रंथीला किरणांचे किती भय असते हे जगास कळले. घराण्यात कोणास थायरॉइडचा कर्करोग झाला होता काय? गाठ झपाट्याने वाढत आहे काय, दगडासारखी कठीण आहे काय, आवाज बसला आहे काय, मानेत अन्य गाठी लागतात काय? गाठ बालवयात किंवा अतिवृद्धपणी उद्भवली तर, आणि पुरुषात आढळली तर, शंका काहीशी अधिक धरावी. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गाठ दुखत नाही म्हणून ती निर्दोष, असे मुळीच नव्हे. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही.

दुसरी परीक्षा रक्ताची. टी. एस. एच. हे मान प्रथम पाहतात. ते कमी असेल तर किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथीचे चित्र घेतात. जी गाठ स्वतःच अधिक स्राव करीत असते, तिच्यात कर्करोग क्वचितच असतो. परंतु 'रक्त नॉर्मल आले, आता चिंता नाही' हे बोलणे आम्ही नित्य ऐकतो, ते चुकीचे आहे. कर्करोग झालेल्या बहुतेकांचे हे रक्त ठीकच असते.

तिसरी परीक्षा सोनोग्राफीची, आणि खरा कस येथेच लागतो. 2017 साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने 'टाय-रॅड्स' नावाची गुणपद्धती प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात. गाठ द्रवाने भरलेली आहे की भरीव. भोवतालच्या ग्रंथीपेक्षा काळी दिसते काय. रुंदीपेक्षा उभी अधिक आहे काय. कडा गुळगुळीत आहे की दातेरी. आणि आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत काय. प्रत्येकीला गुण देऊन बेरीज करतात. बेरीज जितकी मोठी तितकी शंका मोठी. सात किंवा अधिक गुण झाले तर एक सेंटिमीटरची गाठही सुईने तपासावी. चार ते सहा गुणांस दीड सेंटिमीटर, तीन गुणांस अडीच सेंटिमीटर ही मर्यादा. त्याहून कमी गुणांच्या गाठीस सुई लावण्याचे कारण नाही. म्हणजे नुसता आकार पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही व्यर्थ. अहवालात हे गुण लिहिलेले नसतील तर ते विचारून घेण्याचा आपणांस अधिकार आहे.

चौथी परीक्षा सुईची. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रुग्णालयात राहावे लागत नाही. सुई लागली की रोग पसरतो, ही समजूत आपल्या घरांतून खोलवर रुजली आहे. तसे घडणे इतके विरळ आहे की त्या भयाने परीक्षा टाळणे हाच मोठा धोका होय. निकाल 'बेथेस्डा' पद्धतीने सहा वर्गांत देतात. पहिल्या वर्गाचा अर्थ नमुना अपुरा, म्हणून परीक्षा पुन्हा करावी. पुढील वर्गांत कर्करोगाची सरासरी शक्यता 2023 च्या आवृत्तीप्रमाणे अशी : दुसऱ्यात शंभरांत चार, तिसऱ्यात बावीस, चौथ्यात तीस, पाचव्यात चौऱ्याहत्तर आणि सहाव्यात सत्त्याण्णव. तिसरा व चौथा हे संदिग्ध वर्ग. तेथे पुन्हा सुई, जनुकांची परीक्षा किंवा अर्धी ग्रंथी काढणे, यांतून वैद्य व रुग्ण यांनी विचाराने निवड करावयाची असते.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ग्रंथीच काढून टाकावी. त्यास इतिहासाचे उत्तर आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थोर शल्यवैद्य कोखर यांस याच ग्रंथीवरील कार्यासाठी 1909 साली नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण पुढे मंद व सुजट होतात, हे त्यांनीच 1883 साली प्रांजळपणे जगापुढे मांडले होते. आज गोळी देऊन ती उणीव भरता येते, परंतु ती गोळी जन्मभराची. आवाजाच्या शिरेला इजा होण्याचा आणि रक्तातील कॅल्शियम उतरण्याचा धोका वेगळाच.

दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्याची सरसकट सोनोग्राफी होऊ लागली, तेव्हा 1993 ते 2011 या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या गाठींनी कोणाचे कधी वाईट केले नसते, अशा सहस्रावधी गाठींसाठी माणसे शस्त्राखाली गेली. उलट जपानात कोबे येथील कुमा रुग्णालयाने 1993 पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, सौम्य लक्षणांच्या कर्करोगगाठींवर नुसती नियमित नजर ठेवण्यास आरंभ केला. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या 1,235 रुग्णांच्या वृत्तांतात या रोगाने एकही मनुष्य दगावला नव्हता. म्हणून काही तक्रार नसता हौसेने गळा तपासून घेऊ नये, असेही आम्ही सांगतो.

परंतु याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचा आवाज सहा महिने बसलेला होता. घरच्यांनी तो तपकिरीचा परिणाम मानला. गाठ कठीण होती, मानेतही गाठी होत्या. शस्त्रक्रिया झाली, ते आज आपल्यांत आहेत. पण जे थोडक्यात भागले असते ते मोठ्या शस्त्रक्रियेवर गेले.

आता ज्ञातिसंस्था म्हणून आपले जे कर्तव्य, ते सांगून पुरे करतो. थायरॉइड कर्करोगाचा मेड्युलरी नावाचा एक विरळ प्रकार आहे. त्यातील सुमारे चतुर्थांश रुग्णांत तो वंशपरंपरेने येतो, आणि अशा घरी प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. रक्तावरून तो दोष आधीच ओळखता येतो व मूल वाचविता येते. मात्र काकांना किंवा आत्याला काय झाले होते, हे घरात ठाऊक असले पाहिजे. आपण कुलवृत्तान्त छापतो. त्यांत कोणाचे गोत्र कोणते, कोणी कोठे वतन मिळविले, हे सारे असते. कोण कशाने गेले हे मात्र नसते. छापू नये, ते योग्यच. परंतु प्रत्येक घराने आपल्या वहीत ते लिहून ठेवावे व मुलांस द्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. लपविलेल्या रोगाने सोयरीक टिकत नाही, आणि कधी कधी माणूसही टिकत नाही.

त्या कन्येचे काय झाले, हे आपण विचाराल. तिची गाठ अर्धी द्रवाची, भोवतालच्या ग्रंथीइतकीच उजळ, गुळगुळीत कडेची निघाली. गुण दोन. सुईचीही गरज पडली नाही. अहवाल कोणापासून लपवावयाचा नाही, असे तिने स्वतःच ठरविले. एक स्थळ त्यामुळे मागे फिरले, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या स्थळी मुलाने कागद वाचले, दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. विवाह होऊन आता वर्ष झाले. गाठ आहे तेवढीच आहे.