एकाच वर्गात, पण फी अडीच पट

आज फीबद्दल बोलायचंय. आपल्याकडच्या नाही, अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांच्या. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? पण तुमच्या ग्रुपमधलं कोणीतरी एमएसची तयारी करत असणार, नाहीतर कुणाची मामेबहीण तिकडे वाढत असणार. तेव्हा ऐकून ठेवा.

डोमिसाइल सर्टिफिकेट माहितीये ना? आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना असतात. म्हणजे आपल्याकडे डोमिसाइलवर सीट ठरते. अमेरिकेत त्यावर फी ठरते! कॉलेज बोर्डचे २०२४-२५ चे सरासरी आकडे बघा. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातल्या मुलाला वर्षाची फी ११,६१० डॉलर. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला ३०,७८०. प्रोफेसर तेच, लॅब तीच. याला म्हणतात 'इन-स्टेट' आणि 'आउट-ऑफ-स्टेट'.

कारण सरळ आहे. विद्यापीठाला पैसा राज्याच्या टॅक्समधून येतो, म्हणून टॅक्स भरणाऱ्यांच्या मुलांना सवलत. एकेकाळी तर हे जवळपास फुकट होतं. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात १९७६ पर्यंत ट्यूशन फी नव्हती. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी हात आखडता घेतला आणि बिल घरच्यांकडे सरकलं.

आणि ट्यूशन हा अर्धाच हिशोब. राहणं-जेवण सरासरी १३ हजार डॉलरच्या वर, म्हणजे फीपेक्षा जास्त! गरीब घरातल्या मुलांची ट्यूशन पेल ग्रँट वगैरेंमुळे बरीच कमी होते, कधी शून्यही. भाडं मात्र कुणाला सुटत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त कोंडी मधल्या घरांची होते. ग्रँट मिळायला पगार जास्त, आणि बिल भरायला कमी.

आता आपल्या एमएसवाल्यांचा लाडका प्रश्न. "वर्षभर डॅलसला राहिलो, मग मी टेक्सासचा झालो की नाही?" नाही झालास, बाबा. बहुतेक राज्यं १२ महिन्यांचा रहिवास मागतात हे खरं, पण नुसतं शिकायला येऊन राहिलेलं त्यात सहसा धरत नाहीत. शिवाय एफ-१ व्हिसा घेताना 'शिकून परत जाईन' असं तूच सांगितलेलं असतंस. पण टेक्सासमध्ये एक वाट आहे. विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळणारी स्कॉलरशिप मिळाली, तर इन-स्टेट दर लागू शकतो. म्हणजे हजाराच्या स्कॉलरशिपनं कित्येक हजार वाचतात. अर्ज करताना ती शोधाच.

खरी पंचाईत वेगळ्याच मुलांची आहे. आई-बाबा एच-१बी वर गेले, मुलगी तीन वर्षांची होती. तिचा व्हिसा एच-४. शाळा तिथलीच, मैत्रिणी तिथल्याच, मराठी बोलते तीही अमेरिकन हेल काढून. आई-बाबा टॅक्स भरतायत, त्यामुळे अनेक राज्यांत तिला इन-स्टेट फी मिळते. पण सरकारी ग्रँट किंवा सरकारी कर्ज एच-४ वर मिळत नाही. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. ग्रीन कार्ड का नाही आलं? कारण रोजगारावरच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, आणि भारतीयांची रांग लांबच लांब आहे.

२१ म्हणजे बहुतेकदा डिग्रीचं तिसरं वर्ष. मग एफ-१ घ्यायचा, म्हणजे कागदावर 'परदेशी विद्यार्थिनी' व्हायचं. कित्येक ठिकाणी इन-स्टेट दर तिथेच धोक्यात येतो. वाढदिवसाआधी ११ हजारांची फी, नंतर कदाचित ३० हजारांची. पत्ता तोच, आई-बाबांचा टॅक्स तोच!

तुमच्या नात्यात अशी कुणी असेल तर तिला सांगा, अ‍ॅडमिशन घेण्याआधीच रजिस्ट्रार ऑफिसला विचार: "एच-४ चा एफ-१ झाल्यावर माझा इन-स्टेट दर कायम राहील का?" फोनवर नाही, ईमेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहील. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, त्यामुळे न्यू जर्सीतल्या काकूंचा अनुभव टेक्सासला चालत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.