सूर्यशक्तीची योजना आणि वाडीवरील शाळा
(शेलू परिसरातील शिक्षकांपुढे केलेले भाषण)



वीज या मुलखाला नवी नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी नळांतून खाली उतरले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. भोवतालच्या वाड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे कंदीलच जळत राहिले.

सूर्यशक्तीची वीज जेथे लागते तेथेच, घराच्या छपरावर, निर्माण होऊ शकते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तीत एक किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला शंभर युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ साली त्यात भर घातली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास आणखी १७,५०० रुपये. असा संच दिवसाला सरासरी चार युनिटे वीज देतो. त्यास सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, आणि तीवर आंब्याफणसाची सावली नसावी. (हे अनुदान घरांसाठी आहे, शाळेच्या इमारतीसाठी नाही.)

पालक विचारतील, "गुरुजी, चार महिने सूर्य दिसत नाही, त्याचे काय?" उत्तर नेट मीटरमध्ये आहे. वापरून उरलेली वीज तारेत जाते व ग्राहकाच्या नावे जमा होते. हिशेब मार्चअखेर मिटत असल्याने एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. वजाबाकी शिकविण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

तथापि, खरी अडचण पैशांपेक्षा छपराची आहे. योजनेस स्वतःचे घर, भार पेलणारे छप्पर व वीजजोडणी लागते. अनेक कातकरी कुटुंबांची घरे कुडाची आहेत, जागा दुसऱ्याच्या नावे आहे. ज्यांना अनुदान सर्वांत अधिक, तेच दाराबाहेर राहतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ च्या प्रधानमंत्री जनमन अभियानात पक्क्या घरांची, तसेच तार न पोहोचलेल्या घरांना सौरवीज देण्याची तरतूद आहे. पण ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी कोणी तरी नावे लिहून द्यावी लागतात.

वाडीतील घरे शिक्षकाइतकी कोणास ठाऊक असतात? घर कोणाच्या जागेवर आहे, छप्पर कसले, मीटर आहे की नाही, एवढी यादी करून ग्रामपंचायतीस द्यावी. अनुदान संच बसल्यावर बँक खात्यात जमा होते. दारी येऊन रोख आगाऊ रक्कम मागणाऱ्याची नोंदणी आधी तपासावी, हेही पालकांना सांगावे. यादी दिवाळीपूर्वी पुरी व्हावी. त्यानंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर गेलेली असते.