अस्वलाची ओळख



मोहाचा हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत तुम्ही भल्या पहाटे टोपल्या घेऊन रानात जाल. त्याच वेळी अस्वलही मोहाखाली येते. मोहफुले त्याला फार आवडतात. एकाच झाडाखाली दोघांची गाठ पडायची, तर त्याची ओळख आधीच करून घेतलेली बरी. म्हणून आज अस्वलाविषयी चार गोष्टी सांगतो.

अस्वलाच्या अंगावर लांब, राठ, काळे केस असतात. छातीवर फिकट पांढरा पट्टा असतो. मोठ्या नराचे वजन १०० किलोच्या वर जाते. पुढच्या पायांची नखे ७ ते १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोटाएवढी लांब असतात. ही नखे कशासाठी? माणसाला ओरबाडण्यासाठी नव्हे. ती आहेत वारूळ उकरण्यासाठी. वाळवी आणि मुंग्या हे अस्वलाचे मुख्य अन्न.

त्याची वाळवी खाण्याची रीत पाहण्यासारखी आहे, बरं का! आधी ते नखांनी वारूळ फोडते. मग जोराने फुंकर मारून माती उडवते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. तिथे मोकळी फट असते. नाकपुड्या मिटून, ओठ पुढे काढून, त्या फटीतून ते वाळवी आत ओढते. लोहाराच्या भात्यासारखा आवाज होतो. तो बऱ्याच लांबून ऐकू येतो. रानात असा आवाज आला, तर वाट बदलावी.

अस्वल बोरे, जांभळे, टेंभरेही खाते. त्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि रुजतात. म्हणजे रान वाढवायला ते हातभारच लावते.

मग ते माणसावर का धावते? त्याचे नाक तिखट आहे, पण नजर अधू आहे. खाण्यात दंग असले, की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते एकदम दचकते आणि अंगावर येते. ते आपल्याला खायला येत नाही. भिऊन येते. मादीबरोबर पिल्ले असली, तर ती जास्तच बिथरते. पिल्ले लहान असताना ती त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. लेकरू पाठीशी बांधलेल्या आईला कोणी अडवले, तर ती गप्प बसेल का?

अस्वल बुद्धीने मंद नाही. शिकवले ते शिकते. याच गुणाने त्याचे हाल झाले. दरवेशी अस्वल नाचवत गावात यायचा, तो खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आपण टाळ्या वाजवल्या. त्याचा केस ताइतात घालून लेकरांच्या गळ्यात बांधला. पण ते अस्वल हौसेने नाचत नव्हते. पिल्लू असतानाच त्याला आईपासून तोडत. तापल्या सळईने नाक टोचून त्यात दोरी ओवत. दात पाडत. दोरीला हिसका बसला, की कळ जाई आणि ते उभे राही. १९७२ च्या कायद्याने अस्वलाला संरक्षण मिळाले. २००९ सालापर्यंत हा खेळ देशातून जवळजवळ संपला. सहाशेहून अधिक अस्वले सोडवली गेली. आग्र्याजवळ कीठम येथे त्यांच्यासाठी मोठे केंद्र आहे. दात पाडलेले अस्वल पुन्हा रानात कसे जगणार? खेळ करणाऱ्यांचेही पोट त्यावरच होते. त्यांतल्या पुष्कळांना दुसरा धंदा करायला मदत झाली. त्यांची मुले शाळेत जाऊ लागली.

आता कामाच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. अंधारात रानात जाऊ नका. चांगले उजाडू द्या.

२. एकट्याने जाऊ नका. चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत, काठी आपटत जा. चाहूल लागली, की अस्वल बहुधा आपणच बाजूला होते.

३. खडकाची कपार, गुहा, दाट झुडूप यांपासून लांब राहा. पिल्लू दिसले, तर हात लावू नका. आल्या वाटेने मागे फिरा.

४. अस्वल समोर आले, तर पळू नका. ते आपल्यापेक्षा जोरात धावते. दगड मारू नका. सावकाश मागे सरा. दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला एक मित्र झाडावर चढून वाचला. पण आपले अस्वल मधासाठी झाडावर चढते. तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

५. अंगावर आलेच, तर पालथे पडा. दोन्ही हातांनी मान झाका. ते निघून जाईपर्यंत हलू नका.

६. जखमेवर पाला बांधून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा. वनरक्षकालाही ताबडतोब खबर द्या. अस्वलाने जखमी केले, तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा होतो. पूर्वी आपण अशा कागदावर मुकाट अंगठा उठवत होतो. आता तुम्हाला वाचता येते. दिवस, जागा, नाव बरोबर लिहिले आहे का, ते पाहा. मगच सही करा.

मोह रानाने दोघांसाठी दिला आहे. पहाटेचा वाटा अस्वलाचा, उजाडल्यावरचा आपला. एवढे पाळले, तर टोपलीही भरेल आणि माणूसही सुखरूप घरी येईल.